वरची ओळ

सोमवार, ३ मार्च

आज पट्ट्या पाण्यात सोडल्या. तरंगत्या धक्क्याच्या टोकाला ज्या कड्या आहेत, त्यांना चौकट टांगली. स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या, प्रत्येकीच्या मधोमध एक प्लॅस्टिकचा वॉशर घट्ट आवळलेला. वरची ओळ पाण्याखाली हातभर, खालची पुरुषभर. धक्का पाण्याबरोबरच वर-खाली होत असल्यामुळे खोली बदलायची भीती नाही. फाटकावरच्या पहारेकऱ्याने चौकट खाली सोडायच्या रहाटाचं हँडल फिरवायला मदत केली.

जेवताना बाबांनी विचारलं, वॉशर कशाला. सांगितलं, की हे स्टील उघड्यावर सहसा गंजत नाही. गंजायचंच झालं तर फटीत गंजतं, जिथे पाणी शिरतं पण खेळत नाही. नव्या फेरी धक्क्याचे बोल्ट याच स्टीलचे करायचे की नाही, हे आमच्या प्रयोगशाळेने सांगायचं आहे. बोल्ट पाण्याखाली हातभरच बसणार, म्हणजे वरच्या ओळीच्या खोलीवर. धक्क्याचे तुकडे त्यांनीच एकमेकांना धरलेले असतील आणि त्यांच्या भरवशावर माणसं पिशव्या, सायकली, पोरं घेऊन लाँचमध्ये चढतील.

"मग नीट कर," बाबा म्हणाले.

एरवी कशी करते, असं मी विचारणार होते. त्याऐवजी ताटं उचलली.

गुरुवार, ६ मार्च

पट्ट्यांवर बुळबुळीत थर धरायला सुरुवात झाली. समुद्रात काहीही बुडवा, पहिल्या काही तासांत जिवाणू येऊन चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट घर बांधतात. त्यात पुढे बाकीचे राहायला येतात. हे मला वीस वर्षं माहीत आहे, तरी घरी आल्यावर बोलताना मी म्हणाले, "किती घाण बसलीय माझ्या पट्ट्यांवर, बघवत नाही." थकले होते.

बाबांनी माझा चष्मा माझ्या नाकावरून काढून घेतला आणि पुसून परत लावला. जन्मभर चष्म्याचं दुकान चालवलं. समोरच्या माणसाची काच मळकी असली तर त्यांना त्याचं बोलणं ऐकू येत नाही, असं आई म्हणायची.

फिल्टररावांच्या टाकीत हेच स्टील बुडवलं आहे. ते माझे सहकारी. हे नाव त्यांना कोणी दिलं ते आता कोणालाच आठवत नाही, पण ते त्यावर ओ देतात. त्यांच्या टाकीत समुद्राचंच पाणी असतं, पण गाळून, जंतू मारणाऱ्या दिव्याच्या झोताखालून काढलेलं. तळाला सुई पडली तरी दिसेल. पाहुणे आले की मोठ्या बाई, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, त्यांना आधी ती टाकी दाखवतात. माझी चौकट कोणाला दाखवत नाहीत. दाखवण्यासारखी नाहीच.

रविवार, १६ मार्च

दादाचा फोन. तो आत, समुद्रापासून लांब राहतो. नेहमीचा प्रश्न: "पाण्याजवळ एकटे जात नाहीत ना?" मागच्या वर्षी बाबांना जिन्यात चक्कर आली होती. तेव्हा दादाने त्यांना स्वतःकडे न्यायचं ठरवलं होतं, बाबांना इथेच राहायचं होतं. शेवटी या एका अटीवर तो तयार झाला. मी शब्द दिला आहे.

सांगितलं, की सकाळी गोदीच्या फाटकापर्यंत फिरून येतात, पहारेकऱ्याशी गप्पा मारतात, बस. "फाटकापर्यंतच," मी म्हटलं. बाबा शेजारी बसून टीव्हीचा रिमोट पुसत होते.

गुरुवार, २७ मार्च

विचित्र प्रकार. आठवड्याचे फोटो काढायला चौकट वर घेतली. खालच्या ओळीवर तपकिरी, जाड बुळबुळ, हातमोज्याला तार धरते. वरच्या ओळीवर जवळजवळ काही नाही. आधी वाटलं, कोणी पुसलं की काय. पण घासल्याची खूण राहते. भिंगाखाली पाहिलं. एक ओरखडा नाही, वॉशरच्या कडेलाही नाही. माणसाच्या हाताने इतकं हळुवार काम होत नाही. मासे? गोगलगायी? वरच्या थरातलं ऊन? बोटींच्या लाटांचा मार? यातलं काहीही पटत नाही आणि दुसरं सुचत नाही.

पहारेकरी हँडल फिरवताना म्हणाला, "काका एक दिवस चुकवत नाहीत, हां."

घरी हे बाबांना सांगितलं. चालण्याचं कौतुक झालं की त्यांना बरं वाटतं. रात्री त्यांनी एक पोळी जास्त खाल्ली.

बुधवार, ९ एप्रिल

मीटर लावला. एक तार पट्टीला, दुसरी पाण्यात सोडलेल्या कांडीला. खालच्या ओळीचे आकडे चांगलेच चढले आहेत. हे अपेक्षित होतं, कारण थरातले जिवाणू स्टीलचा विजेचा दाब वाढवतात. दाब वाढला की फटीतलं स्टील धोक्यात येतं. थर बसतो बाहेरच्या सपाट भागावर आणि खड्डा पडतो आत, वॉशरखाली, जिथे कोणी बघत नाही.

वरच्या ओळीचे आकडे जिथल्या तिथे. हुबेहूब टाकीतल्यासारखे. फिल्टररावांना एवढा आनंद झालेला मी क्वचितच पाहिला. "समुद्रानेच माझ्या टाकीला दुजोरा दिला," म्हणाले. आणि मग मोठेपणाने, "तुमच्याही कामाला, अर्थात."

बाबांची चष्म्याची पिवळी फडकी गॅलरीत वाळत घातली होती. पापडासारखी कडक झाली आहेत. साबण बदलायला हवा.

सोमवार, २१ एप्रिल

बाबांना सर्दी, आठवडाभर घरात. फाटकावर पहारेकऱ्याने दोनदा विचारलं, काका बरे आहेत ना. माणसाला लोकांचा लळा लावता येतो हे खरं. मला ते जमत नाही.

या आठवड्यात वरच्या ओळीवरही पातळ थर दिसला. पाणी कोमट होत चाललं आहे, त्याचा परिणाम असावा. तसं टिपून ठेवलं, पुढे प्रश्नचिन्ह घातलं.

सोमवार, ५ मे

वरची ओळ पुन्हा लख्ख. पाणी तर अजून गरम झालं आहे. म्हणजे माझं मागचं स्पष्टीकरण चूक. ते खोडलं, प्रश्नचिन्ह ठेवलं.

बाबांची तब्येत सुधारली. सकाळी परतले तेव्हा उजवी बाही खांद्यापर्यंत ओली होती आणि शर्टाच्या पोटावर हिरवट डाग. म्हणाले, नळावर तोंड धुतलं. त्यांच्या वयाला तोंड धुणंही एवढं अवघड होत असेल, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. फाटकाजवळच्या नळाची तोटी तपासायला हवी.

शुक्रवार, २३ मे

मोठ्या बाईंनी बोलावलं. फेरी धक्क्याचे लोक घाई करत आहेत, बोल्टांची मागणी जूनच्या पहिल्या आठवड्यात जायला हवी.

"वरची ओळ काय म्हणते?" बाईंनी विचारलं.

"स्वच्छ आहे."

"बोल्ट त्याच खोलीवर ना?"

"हो."

"मग?"

"ती का स्वच्छ आहे ते मला माहीत नाही."

बाई थोडा वेळ पेन्सिलीशी खेळल्या. "हे बघ, मलाही कितीतरी गोष्टी का होतात ते माहीत नाही. होतात एवढं पुरतं. टाकी तेच सांगतेय, समुद्र तेच सांगतोय, तुला अजून कोण हवंय सांगायला?"

बाईंचं चूक नाही. मी चिकित्सा करतेय की चालढकल, हे माझं मलाच नीट कळत नाही. दोन्ही करताना तोंड सारखंच दिसत असणार. वॉशर उघडेपर्यंत मुदत मागितली. दिली.

बुधवार, ४ जून

पट्ट्या काढल्या. वॉशर उघडले.

खालच्या ओळीत जवळजवळ प्रत्येक वॉशरखाली खड्डे. बाहेरून पाहिलं तर काही कळणार नाही. थर धुतल्यावर वरचा भाग अगदी नवा दिसतो. वॉशर उचलला की खाली काळपट तपकिरी भोकं, सुईचं टोक आत उतरतं. वरच्या ओळीत काही नाही. टाकीतल्या पट्ट्यांतही काही नाही.

फिल्टरराव म्हणाले, खोलीचा परिणाम, स्पष्ट आहे. बाईंनी उद्या अकराला सही करायला बोलावलं आहे. 'पाण्याखाली हातभर खोलीवर हे स्टील सुरक्षित.' वाक्य मीच लिहिलं आहे. चार वेळा वाचलं. त्यात खोटं काहीच सापडत नाही.

गुरुवार, ५ जून

हे नीट लिहायला हवं.

सकाळी टोस्टला लोणी लावत मी बाबांना सांगितलं, की आज काम संपेल. वरची ओळ अगदी नव्यासारखी निघाली.

"निघणारच," बाबा म्हणाले. चेहरा असा, जणू कोणी पेढे वाटलेत. "खालच्यांना मात्र हात पोचत नव्हता. त्यांचं काय झालं?"

"कोणाचा हात?"

"माझा. दुसऱ्या कोणाचा?"

मी सुरी खाली ठेवली. त्यांनीही ठेवली.

"बाबा, तुम्ही पट्ट्या पुसत होतात?"

"अगं, तूच म्हणालीस ना, घाण बसलीय, बघवत नाही. मी जाऊन पाहिलं. खरंच बघवत नव्हतं. मग रोज जरा… लेन्सच्या फडक्याने. मधून बाहेर, गोल गोल. ओरखडा येऊ दिला नाही. भिंगाने बघ हवं तर."

"बघितलंय."

"मग?"

"तुम्ही ओणवे कसे झालात? तिथे कठडा नाही."

"पालथा पडायचो. पाय पहारेकरी धरायचा. चांगला माणूस आहे, गार हात आहेत त्याचे." मग माझ्याकडे पाहून, आवाज उतरवून, "काही बिघडलं का?"

मला एकदम दोन गोष्टी दिसल्या. बाबा पाण्यावर लोंबकळताना, आणि एक धक्का मधोमध सुटताना. कोणती आधी दिसली ते प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

त्यांना समजावलं, की ती घाण नव्हती, तीच बघायची होती. बोल्ट कोणी रोज पुसणार नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग घाण म्हणायचं नव्हतंस." मग चष्मा पुसत, "तेव्हा कितीतरी दिवस तू जेवताना दुसऱ्या कशाबद्दल बोललीच नाहीस. म्हटलं, आहे तरी काय ते बघावं."

दुसऱ्याही विषयांवर बोलले असेन. आता आठवून पाहतेय. एकही आठवत नाही.

त्याच दिवशी, नंतर

अकराला बाईंच्या खोलीत सांगितलं. फिल्टररावही होते. बाई आधी हसल्या, मग थांबल्या.

"म्हणजे तीन महिन्यांचं काम गेलं?"

मी म्हटलं, की मी येताना तेच घोकत आले होते. पण जिना चढताना वाटलं, गेलं नाही. बाबांनी वॉशरखाली कधी पुसलं नाही, पुसताच येत नाही. फक्त बाहेरचा भाग पुसला, आणि तेवढ्यानेच आतले खड्डे थांबले. म्हणजे खोलीचा यात काही हात नसावा. जिथे थर राहिला तिथे खड्डा पडला, जिथे थर टिकला नाही तिथे पडला नाही. समुद्रात तो बाबांनी टिकू दिला नाही, आणि टाकीत…

बोलता बोलता मी फिल्टररावांकडे पाहिलं. त्यांना माझ्या आधी कळलं होतं.

"टाकीत मी बसूच दिला नाही," ते म्हणाले. चष्मा काढून डोळे चोळले. "तुमचे बाबा आणि मी, दोघांनी मिळून एकच काम केलं. फरक एवढाच की मला पगार मिळतो."

बाईंनी माझ्यासमोरचा कागद ओढून घेतला आणि फोन उचलला. बोल्टांची मागणी थांबली. फोनवर पलीकडचा माणूस काय बोलत होता ते आम्हाला खोलीभर ऐकू येत होतं. बाई मधेमधे "हो" म्हणत होत्या. ठेवल्यावर म्हणाल्या, "पुन्हा लावा. या वेळी दोन चौकटी, दोन्ही वरच्याच खोलीवर, एक पुसायची, एक नाही. आणि फाटकावरच्या त्या महाशयांना माझ्याकडे पाठवा."

पहारेकरी बोलणी खाऊन आला. "मॅडम, मला वाटलं तुम्हीच काकांना कामाला लावलंय," म्हणाला. मी त्याची माफी मागितली. त्याला त्याचं काय करावं कळेना. नोकरी राहिली. बाबांना मात्र आता फाटकाच्या आत प्रवेश नाही.

रविवार, ८ जून

दोन दिवस विचार केला. प्रयोगशाळेत सांगितलं आणि दादाला नाही, असं करता येण्यासारखं होतं. दादा काही अहवाल वाचायला येणार नव्हता. आता फाटकही बंद, म्हणजे धोकाही उरला नाही. बाबा म्हणाले, "झालं गेलं. त्याला कशाला डोक्याला ताप?" मलाही तेच पटत होतं, म्हणूनच शंका आली.

पण दादाने नेहमीप्रमाणे विचारलं, "पाण्याजवळ एकटे जात नाहीत ना?" इतके आठवडे मी 'नाही' म्हणत होते आणि ते चूक होतं, तरी खोटं नव्हतं. आज ते बरोबर होतं, पण म्हणता येईना.

सगळं सांगितलं. दादा म्हणाला, "एकटे नव्हते म्हणतेस. पाय धरायला माणूस होता. वा. म्हणजे दोघं गेले असते." आणि मग, "तू वीस वर्षं दिसत नाही ते शोधतेस, आणि घरातला माणूस ओला होऊन येतोय ते दिसलं नाही?"

फोन ठेवल्यावर बाबांचा तो शर्ट काढून पाहिला. पोटावरचा हिरवट डाग अजून गेलेला नाही.

शनिवार, १४ जून

दादा गाडी घेऊन आला. बाबांनी भांडण केलं नाही, मला वाटलं होतं करतील. बॅग आधीच भरलेली होती. दादाच्या गाडीची पुढची काच पाहून म्हणाले, "यातून तुला रस्ता दिसतो?" आणि पुसायला लागले. दादा म्हणाला, "बाबा, बसा." बाबा म्हणाले, "चार तास मलाही बघायचंय." दादा हसला. बसल्यावर त्यांचा पट्टा त्यानेच लावला, बकल दोनदा ओढून पाहिलं.

निघताना मला म्हणाले, "दुसऱ्या वेळी पुसणार कोण?"

"मी."

"तू भांडी पुसतेस तशी नको पुसूस."

पहिल्या प्रयोगाचा अहवाल लिहिताना मी 'वरची ओळ एका निवृत्त चष्मेविक्रेत्याने रोज पुसली' असं लिहिलं होतं. बाईंनी ते खोडून 'प्रशिक्षित व्यक्तीने' केलं. मी हरकत घेतली, त्यांना कसलंच प्रशिक्षण नव्हतं. बाई म्हणाल्या, "जन्मभर काचा पुसल्या त्यांनी, अजून किती शिकवायचं?" शेवटी माझं वाक्य राहिलं. 'रोज' मात्र मीच खोडलं. सर्दीचा आठवडा होता.

घर शांत आहे. गॅलरीतली पिवळी फडकी साध्या पाण्यात बुडवून ठेवली. पाणी चाखून पाहिलं. खारट.

सोमवार, ३० जून

नव्या चौकटी पाण्यात जाऊन दोन आठवडे होत आले. दोन्हींवर मीटर लावला. न पुसलेल्या चौकटीचे आकडे चढायला लागले आहेत, पुसलेलीचे जिथल्या तिथे. खड्ड्यांचं आता सांगता येणार नाही, वॉशर उघडेपर्यंत थांबावं लागेल. पण आकडे वाट दाखवतात. फिल्टररावांनी टाकीचा एक भाग मोकळा करून त्यात न गाळलेलं पाणी सोडलं आहे. काच दिवसेंदिवस गढूळ होतेय. ते रोज जाऊन बघतात. धक्क्याच्या लोकांनी दुसऱ्या धातूची चौकशी सुरू केली आहे.

पुसण्याचं काम पहिल्या दिवशी जसं झालं ते लिहायचं राहून गेलं होतं, कारण लिहावं की नाही हे ठरत नव्हतं. लिहिते.

सकाळी फडकं घेऊन धक्क्याच्या टोकाला पालथी पडले. फोन फळीवर ठेवला होता, स्पीकर लावून. बाबांनी फोनची वेळ बरोबर साधली. रोज साधतात.

"पोचलीस?"

"हो." हातमोजा काढला. इतक्या वर्षांत तो थर मी उघड्या हाताने कधी लावून पाहिला नव्हता. हात पाण्यात घातला. कोपरापर्यंतच बुडाला. पट्टी दिसत होती, बोटांच्या पलीकडे, आणि हात पोचत नव्हता.

मी सरकले. छाती कडेच्या बाहेर आली. तरी वीतभर कमी. बाबा माझ्याहून उंच आहेत, पण इतके नाहीत. म्हणजे तेही कंबरेपर्यंत बाहेर येत होते, रोज.

मागून बुटांचा आवाज आला आणि घोट्यांना दोन हात लागले. खरोखरच गार.

"मॅडम, मी आहे," पहारेकरी म्हणाला. "बाईंनी सांगितलंय."

"काय झालं, थांबलीस का?" फोनमधून बाबा.

"हात पोचत नाही, बाबा."

"माहितेय. अजून थोडी पुढे हो," बाबा म्हणाले. "तो सोडत नाही."

पुढे झाले. मधून बाहेर, गोल गोल. फडक्याखालून थर निघाला तेव्हा कळलं, तो बुळबुळीत नाही, मऊ आहे.

दादा रविवारी विचारतो, बाबांबद्दल आता विचारावं लागत नाही, म्हणून माझ्याबद्दल. मी सांगते, ठीक आहे. रोज पाण्यावर लोंबकळते, हे सांगायला हवं का, ते अजून ठरलेलं नाही.